यादीत नसलेला सूर

कुजबुजमावशी या महिन्याच्या अखेरीला कामातून मोकळी होतेय. आमच्या नाटक-कामगार संघाच्या अंकात तिच्यावर कुणीतरी लिहायला हवं असं बैठकीत निघालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी लेखणी चालते, तूच लिही." लेखणी चालते म्हणे! मी नाटकातल्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई. अक्षरं शिकले ती कपड्यांच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून आणि भिंतीवरच्या पोस्टरांवरून. पण नाही म्हणायची सवय मला मालकांपुढे आहे, आपल्या माणसांपुढे नाही. तर लिहिते. मात्र आधीच सांगते, ज्यांना हारतुरे हवे असतील त्यांनी पान उलटावं. मावशीचं चांगलं लिहायचं तर त्यात माझं वाईट लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

मावशी प्रॉम्पटर. म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड बसून नटांना विसरलेले शब्द सांगणारी. मूळची ती शाळेतली बदली बाई, मुलांना शुद्धलेखन घालायची. त्या शाळेच्या सभागृहात आमच्या कंपनीची तालीम चालायची. एकदा प्रॉम्पटर तापाने पडला आणि कुणीतरी म्हणालं, त्या शुद्धलेखनवाल्या बाईंना बसवा, वाचतील नीट. ती बसली ती एकतीस वर्षं उठली नाही.

तिचा आवाज ही एक गंमतच आहे. तो सहा फुटांपर्यंत जातो आणि तिथे मरतो. सातव्या फुटावर उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. घरी तिचे यजमान, आमचे काका, तिला म्हणायचे, "अगं, जरा मोठ्याने बोल." ती म्हणायची, "मोठ्याने बोलायचे पैसे ते पुढचे घेतात. मला हळू बोलायचे मिळतात." तिच्या स्टुलाचे पाय सुताराकडून कापून घेतलेले, कारण उंच बसलं की प्रेक्षकांना तिचं डोकं दिसायचं. हातात संहिता, दुसऱ्या हातात लाल कागद लावलेली बारीक विजेरी.

नवीन प्रॉम्पटर नेहमी एकाच जागी मार खातो. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्याला कळत नाही. मुद्दाम थांबलेल्याला शब्द दिला तर नट जीव घेतो, विसरलेल्याला नाही दिला तर नाटक जीव सोडतं. मी मावशीला विचारलं होतं, तुला कसं कळतं?

"खांदे बघायचे," ती म्हणाली. "थांबलेल्याचे खांदे खाली असतात. विसरला की वर जातात. तोंडाकडे बघू नकोस, तोंड सगळेच सांभाळतात."

एकतीस वर्षांत तिचा खांद्यांचा अंदाज एकदाच चुकला. ते सांगण्यासाठीच हे सगळं.

तेव्हा आमचं बहिणींचं नाटक चालू होतं. एका जुन्या कादंबरीवरून केलेलं संगीत नाटक. ती कादंबरी घराघरांत पिवळी पडलेली असते, आईने वाचलेली, मग मुलीने. तीन बहिणी, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर राहायचं घर. आमच्यात नटांना भूमिकेवरूनच हाक मारतात, त्यामुळे त्या तिघी थोरली, मधली आणि धाकटी. चहाच्या कपांवरही तेच लिहिलेलं. मधलीचं काम करणारी पोर बावीस-तेवीस वर्षांची, गळा गोड, पण घाबरट. डबा उघडतानासुद्धा इकडेतिकडे बघून उघडायची.

दुसऱ्या अंकात वडील जातात. मधली दुकानात एकटी येते आणि भिंतीवरची घड्याळं एक एक करून थांबवते. वाद्यवाला आत बसून दोन लाकडी काड्यांवर टिकटिक करत असायचा, तीही एक एक करून थांबायची. मग काहीच नाही. अकरा सेकंद. दिग्दर्शकाने ती मोजून ठेवली होती आणि त्या अकरा सेकंदांवर त्याचा इतका जीव होता की कुणी शिंकलं तर त्याला घरी पाठवला असता. त्या शांततेतून मधलीने गाणं उचलायचं, कुठल्याही वाद्याच्या आधाराशिवाय. चार ओळी एकटीने. पाचव्या ओळीला व्हायोलिनं यायची, ठरलेल्या पट्टीत. म्हणजे पोरीने चुकीच्या पट्टीत सुरुवात केली असेल तर चार ओळी कुणाला कळणार नाही, पाचवीला आख्ख्या नाट्यगृहाला कळणार.

तालमीत तिने तीनदा चुकीचं उचललं. दिग्दर्शक ओरडला, ती रडली, चहा झाला. चौथ्यांदा बरोबर आलं. मग रोज बरोबर येत गेलं आणि सगळे म्हणाले, जमलं पोरीला.

आता सुतारदादाचं सांगायला हवं. साधारण एकशे दहाव्या प्रयोगाला पडद्याचा दोर वर अडकला. दोरवाला जागेवर नव्हता म्हणून आमचा सुतारदादा शिडी लावून चढला आणि बारा फुटांवरून खाली आला. कंबरेचं हाड मोडलं. मालक इस्पितळात आला, फळं ठेवली आणि म्हणाला, "पण दादा, तुम्हाला वर चढायला सांगितलं कुणी? ते तुमचं काम होतं का?"

माझं टाळकं फिरलं. संघाची पुढारी मी, त्याच दिवशी काम बंद. चार दिवस भांडून मी मालकाकडून कबूल करून घेतलं की प्रत्येकाच्या कामांची लेखी यादी होईल, भिंतीवर लागेल, आणि यादीत नाही ते कुणी करायचं नाही, कुणी करवून घ्यायचं नाही. सुतारदादाच्या भरपाईची केस पुढे उभी राहणार होती. आमचं म्हणणं सरळ होतं, यादी नव्हती तेव्हा तुम्ही सगळ्यांकडून सगळं करवून घेत होता. मालकाच्या वकिलाचं म्हणणं, ही माणसं आपल्या मर्जीने नको तिथे हात घालतात.

याद्या करायला मला तीन आठवडे लागले. एकेकाला इस्त्रीच्या खोलीत बोलवायचं, विचारायचं, लिहायचं. आयुष्यात मला कशाचा माज आला असेल तर त्या कागदांचा. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईने लिहिलेला कागद, आणि खाली मालकाची सही!

मावशी सर्वांत शेवटी आली. मी थोरलीचा झगा इस्त्री करत होते.

"पुढारीणबाई, माझ्या यादीत एक राहिलंय."

"काय राहिलं? शब्द देणे, संहिता सांभाळणे, तालमीतले बदल उतरवणे. तीन कलमं. चौथं काय, डुलक्या काढणे?"

"सूर देते."

"कुणाला?"

"मधलीला. घड्याळं थांबल्यावर."

मला वाटलं थट्टा करतेय. मग तिने सांगितलं. तालमीत चौथ्या वेळी पोर तिच्यापासून तीन फुटांवर, पाठ करून उभी होती. खांदे वर गेलेले. शब्द तर तिला पाठ होते. मावशीने ओठ मिटून नुसता 'म्' धरला, त्या पट्टीतला. पोरीने उचललं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला, त्या अकरा सेकंदांतल्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांना, ती तो सूर द्यायची. बाकी कुणाला ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.

"पण तुला तरी कुठून मिळतो? तुझ्याकडे काय पेटी आहे?"

"आधीच्या गाण्याचा शेवटचा सूर तोच आहे. तो धरून ठेवायचा."

आधीचं गाणं आणि ही शांतता यांच्यामध्ये सात पानांचं बोलणं होतं. सात पानं ही बाई सगळ्यांचे शब्द डोळ्यांखालून घालायची, अडलेल्याला द्यायची, आणि मागे तो एक सूर सांडू न देता धरून बसायची. हे मला आज कळतं. तेव्हा मी विचारलं ते एवढंच, "पोरीला माहीत आहे?"

"नाही गं. तिला वाटतं, तिचा तिलाच सापडतो. वाटू दे की. त्या वाटण्यावरच ती पुढचं सगळं गाते."

"बरं. मग लिहू या. चौथं कलम, सूर देणे."

"लिहिलंस की भिंतीवर लागणार. ती वाचणार."

"मग देऊ नकोस."

"असं कसं?"

"असंच. एक तर कागदावर, नाहीतर नाहीच. उद्या तुझा सूर चुकला तर मालक तुझीच मान धरेल. सुतारदादाला बघून आलीस ना?"

"अगं, सूर देताना हाड नाही मोडत कुणाचं."

"वाद्यवाले काय करतात मग? त्यांचं काम तू का करतेस? आणि एकशे चाळीस वेळा गायलीय ती. एव्हाना भिंतसुद्धा सुरात लागली असती."

मावशीने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "हे तुझं शेवटचं?"

"शेवटचं."

"तुझी कॉलर जळतेय," ती म्हणाली. मी इस्त्री उचलली. तोवर तिने सही केली होती.

खरं कारण लिहिते, कारण ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मला सुतारदादाची काळजी होती हे खरं, पण त्या क्षणी मला राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. तीन आठवडे मी या थिएटरातलं एकूणएक काम कागदावर आणलं होतं. आणि ही बाई येऊन मला सांगत होती की एक काम असं आहे, जे लिहिलं की बिघडतं. माझ्या कागदात न मावणारी गोष्ट कुणी दाखवली की मला ती गोष्टच खोटी वाटते. मावशी स्वतःला उगाच मोठं करतेय, असंच मला वाटलं.

याद्या शनिवारी भिंतीवर लागल्या. रविवारी दुपारी चारचा प्रयोग होता.

त्या गाण्यानंतर मधली काळी शाल घ्यायची, ती मी कडेला घेऊन उभी असायचे, मावशीच्या स्टुलापासून हातभर अंतरावर. घड्याळं थांबली. टिकटिक थांबली. मी मावशीकडे बघितलं. तिने स्वतःच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला होता. सवयीने निघून जाऊ नये म्हणून. आणि मला, लिहिताना लाज वाटते, मला समाधान वाटलं. म्हटलं, शिस्त आली.

अकरा सेकंद झाले. बारा, तेरा. मग पोरीने उचललं. मला कानाचं फार कळत नाही, पण मावशीने डोळे मिटून घेतले.

'थांबले काटे, थांबल्या भिंती', चार ओळी छान गेल्या. लोक गप्प होते. पाचवीला व्हायोलिनं आली आणि जणू दोन वेगळी नाटकं एकमेकांत घुसली. पोर थबकली. वाद्यवाले थबकले. तिचे खांदे कानांपर्यंत चढले.

आणि मावशीने तोंडावरचा हात काढला. खांदे वर गेले म्हणजे विसरली, आणि विसरली म्हणजे शब्द द्यायचा. इतक्या वर्षांचं अंगवळण, त्यात आदल्या दिवशीची माझी यादी, कलम पहिलं, शब्द देणे. तिने शब्द दिला.

"वाट बघू… वाट बघू…"

पोरीला शब्द नको होता. शब्द तिच्या तोंडातच होता. आणि त्या मेलेल्या शांततेत घाईने दिलेला तो सहा फुटांचा आवाजही पुढे गेला. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बघतोय बाई, आम्हीसुद्धा बघतोय!"

आख्खं नाट्यगृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते, गमतीचं होतं. पण त्या पोरीला ते कुठल्या बाजूने गमतीचं वाटणार? पडदा पाडावा लागला.

ती थेट इस्त्रीच्या खोलीत शिरली, टांगलेल्या झग्यांच्या मागे, भिंतीला तोंड करून. मी गेले, मागून मावशी आली.

"मावशी, आला नाही," ती आतून म्हणाली.

"काय आला नाही, बाळ?"

"सूर. रोज येतो. मी नुसती उभी राहते आणि येतो, आतून. आज उभी राहिले आणि आत काहीच नव्हतं. कोरडं. गेला तो माझा, मावशी."

मावशीने बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. एवढंच केलं मी. नाही अशी, दोनदा, बारीक. आणि तिने तोंड मिटलं.

बाहेरच्या बोळात मी तिला धरलं. "वेड लागलंय का तुला? तू आत्ता सांगितलंस की उद्या ते दिग्दर्शकापर्यंत जाईल, परवा मालकापर्यंत. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकशे चाळीस वेळा तू आपल्या मनाने जादा काम केलंस. त्या वकिलाला दुसरं काय हवंय? हेच तर तो सुतारदादाबद्दल म्हणतोय. ताटात वाढून देशील त्याला."

"पण ती म्हणतेय, तिचा गेला."

"सहा आठवडे. तारीख होऊ दे. मग काय सांगायचं ते सांग."

"सहा आठवडे ती काय करेल?"

"काय करेल म्हणजे? तरुण आहे. सावरेल."

मी खोटं बोलत नव्हते. सुतारदादा खरंच अंथरुणात होता, त्याच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. पण माझ्या बोलण्यात एक कुलूप होतं. मावशी चांगली बाई आहे, तिच्यापुढे दुसऱ्याचं दुखणं ठेवलं की ती आपलं गिळते, हे मला ठाऊक होतं. मालक आपल्यावर जे वापरतात, तेच मी तिच्यावर वापरलं.

मंगळवारी फळ्यावर कागद लागला, 'प्रकृतीच्या कारणास्तव भूमिकेत बदल'. राखीव मुलीला मधलीचं काम मिळालं. आमच्या पोरीला दुकानात घड्याळ घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम दिलं, दोन वाक्यांचं. आता सगळे नव्या मुलीला मधली म्हणू लागले. कपसुद्धा तिच्याकडे गेला. मावशीने मात्र नव्या मुलीला कधी मधली म्हटलं नाही, "अगं बाळ" म्हणून वेळ मारून न्यायची. ती दोन वाक्यं पोरीने आठ दिवस म्हटली. त्या आठही दिवशी मावशी तिच्याकडे बघायची नाही, पुस्तकात बघायची. नवव्या दिवशी पोर आली नाही.

सहा आठवड्यांनी आम्ही केस जिंकलो. सुतारदादाला भरपाई मिळाली, बसून करायचं काम मिळालं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या गर्दीत मावशी माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "झाली तुझी तारीख. मी उद्या जाते."

ती दिग्दर्शकाकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, हसला आणि म्हणाला, "बाई, मी रोज पहिल्या रांगेत बसत होतो. मला एकदाही कुठला सूर ऐकू आला नाही. तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून तुम्ही असं म्हणताय. मोठं मन आहे तुमचं." तिचं काम इतकं चोख होतं की तिने ते केलं यावर कुणी विश्वास ठेवेना.

मग ती मला म्हणाली, "आता तिच्याकडे. तू पण चल."

"मी कशाला?"

"मला शब्द सुचतात ते दुसऱ्यांचे. माझे सुचत नाहीत. चल."

पोर एका चष्म्याच्या दुकानात काऊंटरला लागली होती. सकाळी दहाची वेळ, दुकान नुकतंच उघडलेलं, ती फ्रेमा पुसून पुसून फळीवर लावत होती. आम्हाला बघून तिने चटकन मागे बघितलं, मालक आहे का म्हणून. मग हसली. "मावशी! चष्मा हवाय?"

मावशी काऊंटरला धरून उभी राहिली. खांदे वर गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे खांदे बघणाऱ्या बाईचे खांदे मी पहिल्यांदा बघितले. आणि मग मी बोलले. म्हटलं, रोजचा सूर मावशी द्यायची. त्या दिवशी दिला नाही. दिला नाही, कारण मी देऊ दिला नाही. आणि नंतर तुला सांगू दिलं नाही.

तिच्या हातातली फ्रेम तिथेच थांबली.

"म्हणजे तो माझा नव्हताच कधी?"

मावशी घाईघाईने म्हणाली, "तसं नाही गं. सूर काय कुणाचा असतो? उचलायचीस तू. नुसत्या 'म्'वरून गाणं उभं करायचीस—"

"मावशी, खरं सांगा. एकदा तरी मी आपली आपण उचललं होतं?"

मावशी एरवी माणसाला सांभाळून घेणारं बोलते. पण तिने विचार केला. मनातल्या मनात एकशे चाळीस प्रयोग उलटून बघितले असणार. "एकदा," ती म्हणाली. "मला खोकला झाला होता तेव्हा. त्या दिवशी तू आपलं आपण घेतलंस, आणि बरोबर घेतलंस."

"एकशे चाळिसात एक."

"हो."

"आणि आता जी करते, तिला देता?"

"नाही. तिला लागत नाही."

पोरीने फ्रेम फळीवर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली. मग ती चिडली. घाबरट पोर ती, चिडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. "मला विचारलं का नाहीत? दोघींनीही? तुम्ही आपल्या मनाने दिलात आणि यांनी आपल्या मनाने काढून घेतला. मला कुणी विचारलंच नाही! मी म्हटलं असतं ना, लिहा यादीत. लावा भिंतीवर. लाज कसली त्यात? इथे दिवसभर लोक येतात, डोळ्यांना दिसत नाही म्हणून चष्मा घेतात, कुणी रडत नाही. मी दीड महिना घरात तोंड उघडलं नाही. आई म्हणते, गुणगुणत पण नाहीस आता. मला वाटलं, आतलं काहीतरी मेलंय. आणि ते स्टुलावर बसलं होतं!"

मावशी रडू लागली. मी उभी. मला कुणी वरच्या आवाजात बोललं तर मी दुप्पट आवाज चढवते, सगळ्या थिएटराला माहीत आहे. त्या दिवशी मला माझा आवाज सापडला नाही.

"परत ये," मावशी म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी. लिहून घेऊ."

"नाही मावशी. मला नाही यायचं." मग ती माझ्याकडे वळली. "ताई, एक करा. तिथे सगळ्यांना वाटतं माझा गळा गेला. फळ्यावर प्रकृतीचं कारण लिहिलं होतं. तुम्ही सभेत उभ्या राहून सांगा. आत्ता मला सांगितलंत ना, तसंच. शब्दाला शब्द."

"सांगते," मी म्हटलं.

तेवढ्यात एक आजोबा काडी तुटलेला चष्मा घेऊन आले आणि ती त्यांच्याकडे गेली. आम्ही निघालो. रस्त्यात मावशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मला तेही चाललं असतं, पण ती माझा हात धरून चालत होती, रस्ता ओलांडताना धरतात तसा. ते नाही सहन झालं.

महिन्याच्या सभेला पंचेचाळीस माणसं होती. समोर सुतारदादा काठी घेऊन बसलेला. केस जिंकल्यानंतरची पहिलीच सभा, मी उभी राहिले तर टाळ्या पडल्या. मी पहिले विषय घेतले, मग म्हटलं, "आणखी एक. आपल्या बहिणींच्या नाटकात जी मुलगी आधी मधलीचं काम करायची, तिच्या बाबतीत…" आणि माझी गाडी अडली. टाळ्यांचा आवाज अजून कानात होता. मी म्हटलं, "तिच्या बाबतीत एक चूक झाली."

चूक झाली. बघा किती सोय आहे आपल्या भाषेत. पाऊस झाला, उशीर झाला, चूक झाली. कुणी केली नाही, आपली आपण झाली. मालकाने सुतारदादाबद्दल 'अपघात झाला' असं लिहिलं होतं तेव्हा मी त्याच्या टेबलावर हात आपटून विचारलं होतं, झाला की केलात?

मी थांबले होते. माझे खांदे कुठे होते मला माहीत नाही. मावशी पहिल्या ओळीत, कडेला, माझ्यापासून पाच-सहा फुटांवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि शब्द दिला.

"मी केली."

नुसता श्वास. मला ऐकू आला, शेजारच्यालाही आला नसेल.

"मी केली," तिने पुन्हा दिला.

मी म्हटलं, "तर चूक झाली, आणि तिचा गळा उत्तम आहे, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. पुढचा विषय, पाणी प्यायची जागा."

मावशीने तिसऱ्यांदा दिला नाही. तिचा नियमच आहे तसा. दोनदा देऊन नटाने घेतला नाही तर समजायचं, त्याला तो शब्द बोलायचा नाही.

पोरीने दुसऱ्या दिवशी तिला फोन करून विचारलं, ताईंनी सांगितलं का? मावशी कधी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "अर्धं."

याला दोन वर्षं झाली. मावशीने मला एका शब्दाने टोचलं नाही. रोज माझ्या खोलीत येऊन चहा पिते, कॉलरींवरून चेष्टा करते. तिच्या यादीत आजही तीनच कलमं आहेत. आता निरोपाच्या दिवशी लोक बोलतील, तिने किती नटांची लाज राखली ते मोजतील. मोजू देत. हा मजकूर छापून आला की मी एक प्रत घेऊन चष्म्याच्या दुकानात जाणार आहे, काऊंटरवर ठेवणार आहे आणि तिने वाचेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे. त्या मुलीचा गळा गेला नव्हता. तिचा आधार काढला गेला नव्हता, मी काढला. मावशीला गप्प बसावं लागलं नव्हतं, मी बसवलं. सभेत मला शब्द आठवला नाही असं नव्हतं, दिलेला शब्द मी घेतला नाही.

चूक मी केली.